रिकाम्या टेबलापासून सुरुवात: एसडीएन वापरून नेटवर्क कसं शिकवावं

प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत मी पिंगवरचा, म्हणजे दुसरं मशीन उत्तर देतं का हे पाहायला पाठवलेल्या छोट्या पॅकेटवरचा, एक प्रश्न हमखास विचारतो. "या मशीनवरून त्या मशीनला पिंग गेलं. मधल्या स्विचला कसं कळलं, पॅकेट कुठल्या पोर्टातून बाहेर सोडायचं?" उत्तर लगेच येतं, "सर, मॅक टेबल असतं ना." म्हणजे कुठल्या मॅक पत्त्याचं (नेटवर्क कार्डाच्या पत्त्याचं) मशीन कुठल्या पोर्टाला आहे याची यादी. मग मी विचारतो, "ते टेबल कोणी भरलं?" इथे बहुतेक जण थांबतात.

दोष मुलांचा नाही. आपण त्यांच्या हातात जो स्विच देतो तो खोक्यातून काढला, वायर जोडली, की चालायला लागतो. पॅकेट ट्रेसर या सिम्युलेटरमध्येही चित्र ओढून आणलं की थोड्या वेळात हिरव्या खुणा दिसतात आणि पिंग जातं. टेबल केव्हा भरलं, कशाने भरलं, हे पाहायची वेळच येत नाही. मग जर्नलमध्ये व्याख्या उतरते आणि परीक्षेनंतर विसरली जाते.

सॉफ्टवेअर डिफाइन्ड नेटवर्किंग, म्हणजे एसडीएन (स्विचने पॅकेटचं काय करायचं हे बाहेरच्या प्रोग्रामने ठरवायची पद्धत), अनेक ठिकाणी शेवटच्या युनिटमध्ये असतं. तीन थरांची आकृती काढायची, फायदे-तोटे लिहायचे, संपलं. माझा आग्रह असा आहे की ते पहिल्या महिन्यात बाहेर काढा आणि त्याने बाकीचा विषय शिकवा. कारण एसडीएनमध्ये स्विच खरोखर काहीही न समजणारा मिळतो. त्याचं टेबल रिकामं असतं आणि ते भरायचं काम विद्यार्थ्याच्या हातात येतं. हा लेख नव्याने शिकवायला लागलेल्यांसाठी आहे, पण एकट्याने शिकणाऱ्यालाही याच क्रमाने जाता येईल.

एक सूचना आधीच देतो. आज्ञा मी इथे देवनागरीत, वर्गात आपण मोठ्याने वाचून दाखवतो तशा लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या.

आधी एवढंच समजून घ्या

२००८ साली स्टॅनफर्ड आणि इतर काही विद्यापीठांतल्या संशोधकांनी ओपनफ्लोवरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांची अडचण साधी होती. नवी कल्पना कॉलेजच्या चालू नेटवर्कवर करून पाहायची, तर स्विच कंपनीचे आणि आतलं काही बदलता येत नाही. त्यांनी सुचवलं की स्विचच्या आतलं टेबल बाहेरून लिहिता येईल अशी एक ठरलेली भाषा असावी. त्या टेबलातल्या प्रत्येक ओळीला, म्हणजे नियमाला, मुख्य तीन भाग असतात: कुठलं पॅकेट, त्याचं काय करायचं, आणि आतापर्यंत अशी किती पॅकेटं गेली. टेबलात बसत नाही असं पॅकेट आलं की स्विच ते कंट्रोलर नावाच्या प्रोग्रामकडे पाठवतो आणि विचारतो, याचं काय करू?

एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरची खिडकी सगळ्यांनी पाहिलेली असते. रोजच्या फेऱ्या ठरल्या वेळी सुटतात, त्यासाठी कोणी विचारायला जात नाही. घाटात दरड पडली, जादा गाडी सोडायची आहे, असं काही निघालं की चालक-वाहक त्या खिडकीशी जातात. आपल्या स्विचचं आणि कंट्रोलरचं नातं असंच आहे. फरक एवढा, की इथला कंट्रोलर एकाच वेळी सगळ्या स्टँडांचं पाहतो. ही तुलना मी पाच मिनिटांत संपवतो आणि पुन्हा काढत नाही, कारण पुढे मुलांना खरं टेबलच दिसणार असतं.

तयारी

साधन म्हणजे मिनीनेट. "लॅपटॉपमधलं नेटवर्क" अशी त्याची ओळख २०१० मध्ये त्याच्या कर्त्यांनी करून दिली आणि ती शब्दशः खरी आहे. लिनक्समध्ये एखाद्या प्रोसेसला स्वतःचे वेगळे नेटवर्क इंटरफेस, वेगळं राउटिंग टेबल देता येतं. मिनीनेट अशा प्रोसेसना होस्ट म्हणतं. दोन टोकांच्या आभासी वायरने ते होस्ट ओपन व्हीस्विच नावाच्या सॉफ्टवेअर स्विचला जोडतं. त्यामुळे इथलं पिंग हे खरं पिंग असतं आणि टीसीपी ही लिनक्सची खरी टीसीपी असते. शिकवण्यासाठी मला हे सिम्युलेटरपेक्षा मोलाचं वाटतं, कारण इथे शिकलेल्या बहुतेक आज्ञा उद्या सर्व्हरवरही तशाच चालतात.

लॅबमध्ये विंडोज असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटूचं डेस्कटॉप मशीन तयार करा, त्याला ४ जीबी रॅम द्या आणि आत 'सुडो एपीटी इन्स्टॉल मिनीनेट' चालवा. मिनीनेटच्या संकेतस्थळावर तयार व्हर्च्युअल मशीन मिळतं, पण त्यात डेस्कटॉप नसतो. प्रत्येक होस्टची वेगळी खिडकी उघडायची तर नवशिक्याला तिथे बराच त्रास होतो. व्हर्च्युअल मशीनचा आणखी एक फायदा म्हणजे मिनीनेटला रूटचे अधिकार लागतात, ते लॅबच्या मूळ मशीनवर कोणी देत नाही आणि देऊही नयेत.

आदल्या दिवशी दोन गोष्टी कराच. एक, प्रत्येक मशीनच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का पाहा. दोन, तयार केलेलं मशीन एका फाइलमध्ये काढून पेनड्राइव्हने सगळीकडे पोचवा. वीस जणांनी एकाच वेळी डाउनलोड सुरू केलं, की दोन तासांचं प्रॅक्टिकल तिथेच संपतं. माझं पहिलं सत्र असंच गेलं होतं.

मुलांना आधीच सांगून ठेवा की होस्टचं फक्त नेटवर्क वेगळं असतं, हार्डडिस्क एकच. एच१ (पहिला होस्ट) वर बनवलेली फाइल एच२ वर दिसली तर ती नेटवर्कवरून गेलेली नाही. हे सांगितलं नाही तर कोणीतरी फाइल ट्रान्सफर यशस्वी झाली म्हणून जर्नल लिहून आणतं.

पहिली पायरी: मेलेलं नेटवर्क

सुडो एमएन --टोपो सिंगल,३ --मॅक --कंट्रोलर नन

एक स्विच, तीन होस्ट, कंट्रोलर नाही. '--मॅक' मुळे होस्टचे मॅक पत्ते वाचायला सोपे होतात: शेवटी ०१, ०२, ०३ आणि बाकी सगळी शून्यं. आयपी पत्ते १०.०.०.१ पासून पुढे आपोआप मिळतात. आता मिनीनेटच्या प्रॉम्प्टवर 'पिंगऑल' द्या. सहापैकी सहा पिंग फुकट, शंभर टक्के ड्रॉप.

इथे थांबा आणि कारण सांगू नका. दहा मिनिटं मुलांना शोधू द्या. ती 'नेट' देऊन वायर जोडल्या आहेत का बघतात. 'एच१ आयएफकॉन्फिग' देऊन आयपी बघतात. सगळं जागच्या जागी असतं. मग त्यांना एस१ चं, म्हणजे आपल्या स्विचचं, टेबल बघायला सांगा:

एसएच ओव्हीएस-ओएफसीटीएल डम्प-फ्लोज एस१

खाली एकही ओळ येत नाही. ही रिकामी जागा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं, हा मला सगळ्या अभ्यासक्रमातला सर्वात महत्त्वाचा क्षण वाटतो. पत्ते आहेत, वायर आहे, तरी नेटवर्क नाही.

दुसरी पायरी: हाताने नियम

आता एक नियम लिहायला सांगा: पोर्ट १ मधून जे येईल ते पोर्ट २ मधून बाहेर.

एसएच ओव्हीएस-ओएफसीटीएल ॲड-फ्लो एस१ इन_पोर्ट=१,ॲक्शन्स=आउटपुट:२

पिंग करण्याआधी प्रत्येकाला वहीत लिहायला लावा, एच१ वरून एच२ ला पिंग जाईल की नाही? अर्धा वर्ग 'जाईल' लिहितो. जात नाही. 'एक्सटर्म एच२' देऊन एच२ ची खिडकी उघडा, तिथे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं 'टीसीपीडंप -एन' चालू ठेवा आणि पुन्हा पिंग करा. पिंगचं पॅकेट दिसेल अशी मुलांची अपेक्षा असते. दिसतं भलतंच: "१०.०.०.२ कोणाकडे आहे, १०.०.०.१ ला सांगा" अशी विचारणा आणि तिला एच२ ने दिलेलं उत्तर. तीच जोडी पुन्हा पुन्हा येत राहते. पिंगचा पत्ताच नाही.

एआरपी, म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता विचारून घ्यायची ही पद्धत, शिकवायला याहून चांगली वेळ मला सापडलेली नाही. विचारणा पोचली, उत्तर निघालं, पण पोर्ट २ मधून येणाऱ्यासाठी नियमच नसल्यामुळे ते स्विचमध्ये पडलं. एच१ ला एच२ चा मॅक पत्ता कळलाच नाही, म्हणून पिंगचं पॅकेट बनलंच नाही. परतीचा नियम घातला की लगेच पिंग सुरू होतं. संवादाला दोन दिशा लागतात आणि आयपीच्या आधी एआरपी होतं, या दोन्ही गोष्टी एकाच चुकीतून शिकून होतात.

मग 'डेल-फ्लोज' देऊन टेबल पुसा आणि या वेळी पोर्टऐवजी मॅक पत्त्यावर नियम लिहा. 'डीएल_डीएसटी' मध्ये एच१ चा मॅक असेल तर पोर्ट १, एच२ चा असेल तर पोर्ट २, एच३ चा असेल तर पोर्ट ३. मुलांना वाटतं झालं. 'पिंगऑल' पुन्हा शंभर टक्के ड्रॉप. पुन्हा टीसीपीडंप लावायचं. आता एच२ वर विचारणासुद्धा पोचत नाही, कारण ती सगळ्यांना उद्देशून असते. तिच्या मॅक पत्त्यात सगळीकडे एफ असतात आणि तसा नियम आपण लिहिलेलाच नाही. चौथा नियम घाला: सगळीकडे एफ असलेला पत्ता आला तर 'फ्लड', म्हणजे बाकी सगळ्या पोर्टांतून सोडा. नेटवर्क जिवंत.

ज्यांचं लवकर होतं त्यांच्यासाठी एक गणित. नेटवर्क बंद करून नव्याने चालू करा, चारही नियम घाला आणि एच१ वरून एच२ ला बरोबर तीन पिंग पाठवा. एच१ कडे जाणाऱ्या नियमावर पॅकेटांचा आकडा किती येईल? सगळे तीन म्हणतात. येतो चार, कारण एआरपीचं उत्तरही त्याच वाटेने गेलं. काही सेकंद थांबून पुन्हा टेबल पाहिलं, तर बहुतेक वेळा दोन्ही नियमांवर आणखी एकेक पॅकेट वाढलेलं असतं. लिनक्स थोड्या वेळाने शेजाऱ्याचा पत्ता अजून खरा आहे ना याची थेट विचारपूस करतं. हे पुस्तकात क्वचितच येतं आणि मुलं ते स्वतः शोधतात तेव्हा त्यांचा उत्साह बघण्यासारखा असतो.

या दोन पायऱ्यांना मी अख्खं प्रॅक्टिकल देतो. पुढे जायची घाई करू नका. कंट्रोलरचा प्रोग्राम पहिल्याच दिवशी चालवून दाखवला तर नेटवर्क पुन्हा आपोआप चालायला लागतं, आणि मग साध्या स्विचपेक्षा हे वेगळं काय, हेच मुलांना दिसत नाही.

तिसरी पायरी: टेबल भरणारा प्रोग्राम

तीन होस्टसाठी चार नियम लिहिले. लॅबच्या साठ मशीनसाठी? एखादं मशीन जागा बदलून दुसऱ्या पोर्टला लागलं तर? हा प्रश्न वर्गात टाकला की कोणीतरी म्हणतंच, "सर, प्रोग्राम लिहू." आता कंट्रोलर आणायचा.

कंट्रोलर बरेच आहेत. ओनोस आणि ओपनडेलाइट मोठ्या नेटवर्कसाठी बनले आहेत, नवशिक्याची शक्ती ते बसवण्यातच जाते. रियू सुटसुटीत आहे आणि नेटवर त्याचे धडे भरपूर आहेत, पण त्याची देखभाल थंडावली आहे आणि पायथॉनच्या नव्या आवृत्त्यांवर तो बसवताना अडचणी येतात. मी पॉक्स वापरतो. तो पायथॉनमध्ये आहे, डाउनलोड करून सरळ चालवता येतो आणि मुलांना त्यातली फाइल उघडून वाचता येते. तो मुख्यतः ओपनफ्लोची १.० ही आवृत्ती बोलतो. २००९ ची ती आवृत्ती आज जुनी आहे, पण पहिल्या सत्रासाठी पुरून उरते.

एका टर्मिनलमध्ये पॉक्सच्या फोल्डरमधून 'पॉक्स.पाय लॉग.लेव्हल --डीबग मिस्क.ओएफ_ट्युटोरियल' चालवा, दुसऱ्यात तेच मिनीनेट, पण शेवटी '--कंट्रोलर रिमोट'. ही ट्युटोरियलची फाइल मुद्दाम अर्धवट ठेवलेली आहे. स्विच तिच्यामुळे हबसारखा वागतो: आलेलं प्रत्येक पॅकेट कंट्रोलरकडे जातं आणि कंट्रोलर म्हणतो, सगळीकडे सोड. एच१ आणि एच२ मधलं पिंग एच३ च्या टीसीपीडंपमध्येही दिसतं. हब आणि स्विच यांतला फरक सांगायला आता फळ्यावर रकाने आखावे लागत नाहीत.

मुलांचं काम म्हणजे या हबचा स्विच करणं. कोड मागण्याआधी मराठीत लिहून घ्या. माझ्या वर्गात फळ्यावर शेवटी साधारण असं उरतं: पॅकेट आलं की पाठवणाऱ्याचा मॅक आणि ते ज्या पोर्टातून आलं ते पोर्ट डिक्शनरीत नोंदवा. ज्याला जायचं आहे त्याचा मॅक डिक्शनरीत आहे का? असेल तर त्या पोर्टातून सोडा. नसेल तर सगळीकडे सोडा. पायथॉनमध्ये हे पाच-सहा ओळींत होतं. तोंडी परीक्षेतल्या त्या प्रश्नाचं उत्तर आता मुलांनीच लिहिलेलं असतं.

नंतर दुसरा टप्पा. आत्तापर्यंत प्रत्येक पॅकेट कंट्रोलरकडे जाऊन येत होतं. आता पोर्ट ठाऊक झालं की स्विचमध्ये नियमच लिहून टाका, म्हणजे पुढची पॅकेटं विचारायला येणार नाहीत. फरक मोजायला लावा. पहिल्या पिंगला लागलेला वेळ नंतरच्यांपेक्षा ठळक जास्त दिसतो. वेग मोजणारं 'आयपर्फ' चालवलं तर दोन्ही पद्धतींत दर सेकंदाला जाणाऱ्या डेटाचं अंतर इतकं पडतं, की कंट्रोल प्लेन (निर्णय घेणारा भाग) आणि डेटा प्लेन (पॅकेट पुढे सोडणारा भाग) हे शब्द वेगळे समजावावे लागत नाहीत.

या पायरीवर मुलं ठरावीक चुका करतात, त्या तुम्हाला आधी माहीत असलेल्या बऱ्या. पाठवणाऱ्याऐवजी घेणाऱ्याचा मॅक नोंदवणं ही पहिली. पोर्ट माहीत नसताना 'फ्लड'चाही नियम स्विचमध्ये लिहून टाकणं ही दुसरी. तिच्यात पिंग व्यवस्थित जातं, म्हणून ती पकडायला कठीण. डम्प-फ्लोज पाहिलं तरच कळतं की स्विच हब होऊन बसला आहे. तिसरी चूक माझी आवडती आहे. काही जण डिक्शनरी फाइलच्या वरच्या बाजूला, सगळ्या स्विचसाठी एकच ठेवतात. एका स्विचवर सगळं सुरळीत चालतं. मग '--टोपो लिनियर,३' देऊन तीन स्विच रांगेत लावायला सांगा, पॅकेटं भलत्याच पोर्टातून जाऊ लागतात. पोर्ट क्रमांक ही प्रत्येक स्विचची स्वतःची बाब आहे, हे त्या गोंधळातून जितकं पक्कं होतं तितकं माझ्या सांगण्यातून कधी झालं नाही. म्हणून ही चूक दिसली तरी मी लगेच दुरुस्त करत नाही.

काम झाल्यावर पॉक्सची तयार 'एल२_लर्निंग' फाइल वाचायला द्या. तिने लिहिलेले नियम दहा सेकंद वापरले नाहीत किंवा लिहिल्यापासून तीस सेकंद झाले की आपोआप पुसले जातात. का पुसायचे? जागा बदललेल्या मशीनचा मघाचा प्रश्न इथे सुटतो.

चौथी पायरी: त्रिकोण

तीन स्विच त्रिकोणात जोडा. यासाठी पायथॉनमध्ये आठ-दहा ओळींची टोपोलॉजीची, म्हणजे जोडणीच्या नकाशाची, फाइल लिहावी लागते, तीही मुलांकडूनच लिहून घ्या. नेटवर्क चालू करण्याआधी उघडलेल्या सगळ्या फाइल जतन करायला सांगा आणि हे फक्त व्हर्च्युअल मशीनमध्येच करा. आता मुलांनीच लिहिलेला लर्निंग स्विच लावून एकच पिंग द्या.

एआरपीची एक विचारणा निघते, प्रत्येक स्विच ती सगळीकडे सोडतो, ती फिरून परत येते, पुन्हा सोडली जाते. आयपी पॅकेटात प्रत्येक राउटरवर एकने कमी होणारा टीटीएल असतो, इथरनेटच्या फ्रेममध्ये तसं काहीच नाही, म्हणून ती कधी मरत नाही. कंट्रोलरच्या खिडकीत ओळी धावू लागतात, मशीनचा पंखा घोंघावतो. 'लिंक एस१ एस३ डाउन' दिलं की त्रिकोण तुटतो आणि वादळ शमतं. ब्रॉडकास्ट स्टॉर्म हा शब्द मी त्यानंतरच फळ्यावर लिहितो.

ही वायर आपण हाताने तोडली. मशीनने स्वतः ठरवून कुठली वायर वापरायची नाही हे कसं ठरवावं? १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी यावर स्पॅनिंग ट्रीची, म्हणजे कुठेही वेढा न ठेवता सगळ्यांना जोडणाऱ्या झाडाची, पद्धत शोधली. तिथे प्रत्येक स्विच शेजाऱ्यांशी बोलून, कोणाकडेही पूर्ण नकाशा नसताना, एकमताने झाड ठरवतो. आपल्या कंट्रोलरकडे मात्र पूर्ण नकाशा असू शकतो. पॉक्सचं 'ओपनफ्लो.डिस्कव्हरी' प्रत्येक स्विचला प्रत्येक पोर्टातून एक खास पॅकेट सोडायला लावतं. ते शेजारच्या स्विचमधून परत कंट्रोलरकडे आलं की त्या दोघांमध्ये वायर आहे हे कळतं. नकाशा हाती आल्यावर उरतो तो ग्राफ, आणि ग्राफमधून स्पॅनिंग ट्री काढणं मुलांनी डेटा स्ट्रक्चर्सच्या तासाला केलेलं असतं. त्या विषयाची वही इथे उघडायला लावा. दोन विषयांची अशी गाठ पडताना मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो त्यासाठी मी ही पायरी कितीही वेळ कमी असला तरी गाळत नाही.

पुढचे थोडे प्रयोग

फायरवॉलचा प्रयोग अर्ध्या तासात होतो. एच३ वर पायथॉनचा छोटा वेब सर्व्हर चालवा आणि एच१ कडून येणाऱ्या, पोर्ट ८० ला (हा स्विचचा पोर्ट नव्हे, वेब सेवेचा टीसीपी क्रमांक) जाणाऱ्या टीसीपीसाठी जास्त प्राधान्याचा 'ड्रॉप' नियम घाला. पिंग जातं, वेबपान उघडत नाही.

राउटर करायला घेतलात तर दोन जागी लक्ष द्या. राउटर पॅकेट पुढे पाठवताना मॅक पत्ते बदलतो, आयपी तेच ठेवतो आणि टीटीएल एकने कमी करतो. इथे हे बदल नियमात स्वतः लिहावे लागतात, त्यामुळे विसरले की लगेच कळतं. दुसरं, खरा राउटर जास्त लांबीच्या प्रीफिक्सला (आयपी पत्त्याचा नेटवर्क सांगणारा सुरुवातीचा भाग) आपोआप पसंती देतो. ओपनफ्लोमध्ये तसं नाही, प्राधान्याचा आकडा आपण द्यायचा. /२४ च्या नियमाला /१६ पेक्षा मोठा आकडा दिला नाही तर पॅकेट चुकीच्या वाटेला जाऊ शकतं.

आणि '--लिंक टीसी,बीडब्ल्यू=१०,डिले=५०एमएस' देऊन, म्हणजे प्रत्येक वायरला ५० मिलिसेकंदांचा उशीर लावून, एका स्विचचं नेटवर्क चालू करा. एच१ ते एच२ पिंगला किती वेळ लागेल? बहुतेक जण १०० मिलिसेकंद लिहितात. वायरी दोन आणि जाणं-येणं मिळून चार प्रवास, म्हणून सुमारे २००.

सगळंच यावर शिकवायला मात्र जाऊ नका. ओएसपीएफ किंवा बीजीपी या राउटरांनी आपसात वाटा ठरवायच्या पद्धतींमध्ये प्रत्येक राउटर स्वतंत्रपणे विचार करतो, कोणी एक कंट्रोलर नसतो. ते एसडीएनवर शिकवलं तर त्याचा गाभाच हरवतो. त्यासाठी एफआरआर हे मोफत राउटिंग सॉफ्टवेअर बरं. केबल क्रिम्प करणं, वायफायमधला गोंगाट, हेही हातानेच शिकायचं. मुलं विचारतात की बाहेर हे खरंच वापरतात का. गूगलने २०१३ मध्ये आपल्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या जागतिक नेटवर्कची माहिती प्रसिद्ध केली, ते ओपनफ्लोवर चालत होतं. दुकानात मिळणाऱ्या स्विचमध्ये ओपनफ्लोचा फार प्रसार झाला नाही, हेही त्यांना सांगा. पण ओपन व्हीस्विच आज क्लाउडच्या सर्व्हरांमध्ये मोठ्या प्रमाणावर आहे, आणि डम्प-फ्लोज वाचता येणारा माणूस तिथे उपयोगी पडतो.

अडलं तर

मिनीनेट अचानक बंद पडलं तर मागे अर्धवट स्विच आणि इंटरफेस राहतात. 'सुडो एमएन -सी' दिलं की सगळं झाडून निघतं. प्रॅक्टिकलच्या सुरुवातीला ही आज्ञा सगळ्यांना द्यायला लावणं ही चांगली सवय आहे. कंट्रोलर जोडला जात नसेल तर त्याचा टीसीपी पोर्ट पाहा: जुना रिवाज ६६३३ चा, नंतर अधिकृत झालं ६६५३, आणि दोघांनी एकच वापरलं पाहिजे. पोर्ट आधीच वापरात आहे अशी तक्रार आली तर मागचा पॉक्स किंवा ओपन व्हीस्विचबरोबर आलेला टेस्ट कंट्रोलर मागे चालू असतो, तो थांबवा. वायरशार्क या पॅकेटं वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये स्विच आणि कंट्रोलरमधलं बोलणं बघायचं तर 'एलओ' हा इंटरफेस निवडा, कारण दोघं एकाच मशीनवर आहेत.

परीक्षा कशी घ्यावी

नेटवर्क उभं करून दाखवा, अशी परीक्षा घेऊ नका, आज्ञा पाठ करता येतात. मी प्रत्येक गटाला बिघडवलेलं नेटवर्क देतो आणि वीस मिनिटं देतो. एकाला परतीचा नियम गाळलेला, दुसऱ्याला ब्रॉडकास्टचा, तिसऱ्याला प्राधान्याचे आकडे उलटे. प्रत्येक आज्ञा देण्याआधी तिच्यातून काय दिसेल असं वाटतं ते कागदावर लिहायचं, आणि गुण त्या कागदाला.

एका गटाला मी सगळे नियम बरोबर देतो आणि फक्त एच३ चा पत्ता बदलून १०.०.१.३/२४ करतो. गट आधी टेबल वाचतो, त्यात चूक सापडत नाही. मग कोणीतरी एच३ वरून पिंग करतं. 'नेटवर्क इज अनरीचेबल' हा संदेश क्षणात येतो, आणि डम्प-फ्लोजमध्ये पॅकेटांचा एकही आकडा हललेला नसतो. गेल्या खेपेला एका मुलीने कागदावर लिहिलं होतं: "स्विचकडे काही आलंच नाही. दोष एच३ मध्येच आहे."